होथ गनचे काडतूस
डब्लिनजवळच्या होथ बंदरात 26 जुलै 1914 रोजी अर्स्किन चिल्डर्सच्या ‘अ‍ॅसगार्ड’ या शिडाच्या नौकेतून 900 रायफली उतरल्या आणि बंदराचेच नाव बंदुकीला चिकटले: ‘होथ गन’. मूळची ती जर्मनीची 1871 ची माउझर. नळी 11 मिलिमीटरची, दारू काळी, बार एका वेळी एकच. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावात आयरिश व्हॉलंटियर्स ती घेऊन लढले. तिचा कमकुवतपणा सांगताना बहुतेक जण तिच्या वयावर बोट ठेवतात. मला ते अपुरे वाटते. खरी अडचण काडतुसाची होती.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी वेगवेगळी भरत, त्यामुळे मापात थोडे इकडेतिकडे झाले तरी भागे. काडतुसाने ती मुभा संपवली. गोळी, दारू आणि पितळी कवच एकत्र बांधले गेले, आणि ते कवच चेंबरमध्ये नेमके बसणे आवश्यक झाले. कॅलिबर नळीचा व्यास सांगते. कवचाची लांबी, खांदा, बूड यांबद्दल ते गप्प असते. ब्रिटिश .303 आणि रशियन 7.62 यांच्या गोळ्या जाडीला जवळजवळ सारख्या, पण कवच एकाचे 56 मिलिमीटर, दुसऱ्याचे 54 आणि घडणही निराळी. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. कारखान्याच्या नावावरही विसंबता येत नाही. ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या अल्स्टरच्या युनियनिस्टांनी एप्रिल 1914 मध्ये लार्नला उतरवलेल्या ऑस्ट्रियन मान्लिखर रायफली जर्मन सैन्याच्या 7.92 काडतुसावर चालत. होथची गन अस्सल माउझर असूनही तिला ते चालत नसे.

काडतुसे सोबत आणली होतीच की, असे कोणी म्हणेल. आणली होती, पण रायफलीमागे जेमतेम तीसेक. 4 ऑगस्टला ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात युद्ध सुरू झाले आणि या रायफली जिथून घेतल्या ती हॅम्बुर्गची बाजारपेठ बंद झाली. डब्लिनच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैनिकांची .303 काडतुसे हाती लागली, तरी या बंदुकीला त्यांचा उपयोग नव्हता. तिची जड शिशाची गोळी भयंकर जखम करी, हे मान्य. पण प्रत्येक बारासरशी उठणारा धूर नेमबाजाची जागाही दाखवी. उठावासाठी ‘ऑड’ जहाजातून जर्मनीने 20,000 रशियन रायफली पाठवल्या, त्याही स्वतःच्या काडतुसांसह, कारण आयर्लंडमध्ये ती मिळणार नव्हती. 22 एप्रिल 1916 ला ते जहाज कॉर्क बंदराबाहेर त्याच्याच खलाशांनी बुडवले. पुढे 1919 ते 1921 च्या स्वातंत्र्यलढ्यात आयरिश गनिमांची मुख्य रायफल झाली ती शत्रूचीच ली-एन्फिल्ड: पोलीस चौकीवर छापा घातला की बंदूक आणि तिला बसणारे काडतूस दोन्ही एकाच ठिकाणी मिळत.