ऑस्बोर्नचा वाकडा ड्राइव्ह

लॅपटॉपचे पूर्वज मोजायला बसले की ऑस्बोर्न-१ चे नाव येतेच. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा मांडला गेला. नाव 'पोर्टेबल', वजन जवळपास ११ किलो! शिलाई मशीनसारखी पेटी, मधोमध पाच इंची पडदा, दोन्ही बाजूंना एकेक फ्लॉपी ड्राइव्ह आणि किंमत १,७९५ डॉलर. कर्ते ॲडम ऑस्बोर्न. बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला, केमिकल इंजिनियरिंगची पीएच.डी. अमेरिकेत, निधन २००३ मध्ये कोडाईकनालला. कंपनी सप्टेंबर १९८३ मध्येच दिवाळखोरीत गेली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा असो.

मला रस आहे तो त्या दोन ड्राइव्हमध्ये. या यंत्रात हार्ड डिस्क नाहीच. डावीकडे वर्डस्टारची फ्लॉपी, उजवीकडे तुमचे लिखाण. एका फ्लॉपीवर ४० ट्रॅक, प्रत्येकात १० सेक्टर, सेक्टरला २५६ बाइट. म्हणजे सगळे मिळून १०० किलोबाइट. ड्राइव्ह बसला की यंत्रही बसले.

चाळीस वर्षांनी बिघडते ते बहुधा साधेच काहीतरी. हेड सरकवणाऱ्या दांड्यांवरचे ग्रीस डिंकासारखे घट्ट होते. ते पुसून नवे लावायचे, हेड अल्कोहोलने साफ करायचे आणि मगच फ्लॉपी घालायची, नाहीतर मळके हेड तिच्यावरचा चुंबकीय थर खरवडून काढते. रबरी पट्टा सैल पडला तर मिनिटाला ३०० फेरे होत नाहीत. हे तपासायची त्या काळच्या ड्राइव्हमधली सोय मला फार आवडते: चाकावर काळ्या पट्ट्यांची दोन वर्तुळे असतात, एक अमेरिकेच्या ६० हर्ट्झ विजेसाठी, दुसरे आपल्याकडच्या ५० हर्ट्झसाठी. ट्यूबलाइटखाली आपल्या विजेचे वर्तुळ स्थिर दिसले की वेग बरोबर. (हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे जमत नाही, जुनी ट्यूब शोधावी लागते.)

खरी पंचाईत हेड जागेवरून सरकले की होते. दोन ट्रॅकमधले अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेले बिनतक्रार वाचतो, पण ती फ्लॉपी दुसऱ्या यंत्रात चालत नाही. दुरुस्ती अवघड नाही. प्रमाण फ्लॉपी आणि ऑसिलोस्कोप घेऊन हेड केसभर हलवायचे. पण ते सरळ झाले, की वाकडेपणी लिहिलेले त्यालाही वाचता येत नाही! दुरुस्तीच्या माहितीपत्रकांत स्क्रू कुठला ते सापडते, ही सूचना मात्र क्वचितच.

माझ्याकडच्या ऑस्बोर्नचा उजवा ड्राइव्ह असाच आहे. खालच्या कप्प्यात आधीच्या मालकाच्या अकरा फ्लॉप्या निघाल्या. उजव्यात जुनी, डाव्यात कोरी असे करून आठ उतरवल्या आहेत. तीन बाकी आहेत, तोवर पेचकस खणातच.