तीनशे वर्षांनी कोणाला काय आठवेल? मूकपट, पोथी आणि संकासुर

आज ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेलं गाणं, रोज रात्री घराघरात लागणारी मालिका, करोडो व्ह्यूज मिळवणारं रील. यातलं तीनशे वर्षांनी काही उरेल का? गप्पांत हा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, "चांगलं असेल ते टिकेल." दुसरं, "आता सगळं इंटरनेटवर आहे, हरवायचा प्रश्नच नाही." इतिहास बघितला तर दोन्ही उत्तरं टिकत नाहीत.

सुरुवात सिनेमापासून करू. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तो चार रिळांचा होता. आज हाताशी आहेत फक्त पहिलं आणि शेवटचं रीळ, आणि काही अभ्यासकांच्या मते तीसुद्धा फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस लागले. आज त्याची एकही प्रत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले तीससुद्धा उरलेले नाहीत, आणि जे आहेत त्यातले बरेच तुकड्यांत. म्हणजे आपल्या पणजोबांच्या पिढीने ज्यासाठी रांगा लावल्या, ते जवळजवळ सगळं शंभर वर्षांच्या आतच गेलं.

का गेलं? लोकप्रियता कमी पडली म्हणून नाही. इथे माझा विषय, म्हणजे पॉलिमर, मध्ये येतो. त्या काळातली फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ती हळूहळू विघटित होते, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, आणि तेच वायू पुढचं विघटन आणखी वेगाने घडवतात. बंद डब्यात हे चक्र फिरत राहतं. फिल्म आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. दमटपणा आणि उष्णता असेल तर विचारूच नका. शिवाय ती पेटते, आणि एकदा पेटली की विझवणं जवळपास अशक्य. 2003 च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली, त्यात प्रभातच्या जुन्या फिल्मही गेल्या. आणि रसायनाच्या आधी माणसाने केलेलं नुकसान वेगळंच. फिल्मवरच्या थरात चांदी असते. थिएटरातून उतरलेली प्रत म्हणजे भंगार, मग ती चांदीसाठी विकली जायची. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभं राहिलं 1964 मध्ये, तोपर्यंत मूकपटांचा काळ संपून तीस वर्षं झाली होती.

यावरून पहिला धडा: टिकणं हे बऱ्याचदा कलेपेक्षा साहित्यावर आणि हवामानावर अवलंबून असतं. मेनँडर हा प्राचीन ग्रीसचा तुफान लोकप्रिय विनोदी नाटककार. त्याने शंभरावर नाटकं लिहिली, पण मध्ययुगात त्यांच्या नकला उतरवणं थांबलं आणि सगळी गेली. मग इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरस सापडू लागले, आणि त्याचं एक जवळजवळ पूर्ण नाटक 1958 मध्ये पुन्हा छापून आलं. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांनी! आता आपल्याकडे बघा. तळेऱ्याच्या तिठ्यावर उभे राहा, एक रस्ता गगनबावड्यावरून कोल्हापूरला जातो, दुसरा विजयदुर्गाकडे. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे वाळूत पुरलेलं काही दोन हजार वर्षांनी सापडेल, अशी आशा धरू नका. इथे माळ्यावर ठेवलेली वही दोन पावसाळ्यांत बुरशीने भरते.

तरीही याच जिल्ह्यात जुन्या गोष्टी टिकल्या, त्या वेगळ्या वाटेने.

कुडाळजवळचं पिंगुळी घ्या. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली. कागदावर रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा, त्याला म्हणतात पोथी. एकेक चित्र पुढे धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता, आणि कुठल्या देवळात कोणी कला सादर करायची हे ठरलेलं असायचं. म्हणजे पोथी सांभाळायला एक कारण होतं: पुढच्या वर्षी तिची गरज पडणार. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभारलं आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागद तोच, दमट हवा तीच. फरक इतकाच की रोज हात लावणारं कोणीतरी होतं.

दशावतारात तर जपायला कागदसुद्धा नाही. संहिता लिहिलेली नसते. जत्रेच्या रात्री रंगायला बसलेल्या नटांना आख्यान सांगितलं जातं, संवाद रंगमंचावर सुचतात. आधी गणपती, सरस्वती, मग संकासुर मालवणीत टोमणे मारत येतो, आणि मग आख्यान सुरू होतं ते पहाटेपर्यंत. सतराव्या शतकात रामदासांनी 'दासबोधा'त बाईचं सोंग घेणाऱ्या दशावतारी पुरुषांचा उल्लेख केला आहे. तो खेळ नेमका कोकणातलाच असं म्हणता येणार नाही, पण नावाचा आणि धाटणीचा खेळ तेव्हा ओळखीचा होता हे नक्की. न लिहिलेलं नाटक टिकलं आणि चांदीच्या थरावर छापलेला सिनेमा गेला, ही गंमत लक्षात घ्या. कारण जत्रा दरवर्षी येते. जत्रा आली की कंपनी लागते, आणि "आज खयचा नाटक आसा?" हा प्रश्न विचारणारे लोकही लागतात.

पण टिकतं ते काय? नेमका खेळ नाही, फक्त साचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या रात्री संकासुराने गावच्या सावकाराला काय सुनावलं, ते गेलं. आजचे ट्रिकसीनवाले प्रयोग बघून जुनी माणसं नाकं मुरडतात, पण बदलत राहिला म्हणूनच दशावतार जिवंत आहे. म्हणजे चित्रफीत नेमकी गोष्ट जपते पण कुजते, परंपरा कुजत नाही पण नेमकं काही जपत नाही.

2019 मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेव्हिअर'मध्ये सामूहिक विस्मरणावर एक शोधनिबंध आला होता. गाणी, सिनेमे, शोधनिबंध, पेटंट, प्रसिद्ध माणसांची चरित्रं यांच्याकडे लोकांचं लक्ष काळानुसार कसं ओसरतं, ते त्यात मोजलं आहे. ओसरण्याचे दोन टप्पे दिसतात. पहिला वेगाचा, जोवर लोक आपसात बोलत असतात तोवरचा. दुसरा संथ, जेव्हा गोष्ट फक्त नोंदींच्या आधाराने उरते. पहिला टप्पा गाण्यांसाठी जेमतेम पाच-सहा वर्षांचा, चरित्रांसाठी वीस ते तीस वर्षांचा. सोप्या भाषेत, गाजणं हा पहिला टप्पा. तीनशे वर्षांचा प्रश्न पूर्णपणे दुसऱ्या टप्प्यातला आहे, आणि तिथे गाजण्यापेक्षा नोंद महत्त्वाची.

"मग इंटरनेट आहे की!" हो, पण 2019 मध्येच मायस्पेसने मान्य केलं की सर्व्हर बदलताना 2015 पर्यंत अपलोड झालेलं संगीत गेलं. बारा वर्षांचा साठा. आणि जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा गावोगावच्या पोरांनी केलेले व्हिडिओ एका रात्रीत आपल्यासाठी दिसेनासे झाले. आपल्या इतिहासात पहिल्यांदाच शेतात, गोठ्यात, एसटी स्टँडवर सामान्य लोकांनी स्वतःच स्वतःची करमणूक चित्रित केली होती. उद्याच्या इतिहासकाराला ती सोन्यासारखी वाटली असती. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असलेली एकच प्रत म्हणजे प्रत नव्हेच.

त्यामुळे माझं उत्तर असं: आजचं बहुतेक सगळं विसरलं जाईल, आणि जे उरेल ते आपण निवडलेलं नसेल. ज्याच्या अनेक प्रती अनेकांकडे आहेत आणि जे पुन्हा करायला कोणाकडे तरी कारण आहे, तेच उरेल. 'वस्त्रहरण'चे पाच हजारांवर प्रयोग झाले, आणि तरीही त्या नाटकाचं पुढचं आयुष्य कोणीतरी ते पुन्हा बसवण्यावरच अवलंबून आहे.

एक काम मात्र तुमच्या हातात आहे. घरच्या माळ्यावर दशावताराच्या, भजनाच्या, गावच्या नाटकाच्या कॅसेटी असतील. चुंबकीय टेपवरचा बाइंडर दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो, आणि मग ती वाजवतानाच खरवडली जाते. पुढच्या पावसाळ्याआधी त्या उतरवून घ्या, तीन ठिकाणी ठेवा. आणि सोबत लिहा: कोण, कुठे, कुठल्या साली. नाव नसलेला आवाज शंभर वर्षांनी कोणाच्याच उपयोगाचा नसतो.