कन्सीलर आणि रंगभूषा : निवड, वापर आणि मर्यादा

डोळ्यांखालची काळी वर्तुळे, मुरुमांचे डाग, नाकाच्या कडेची लाली किंवा एखादा जुना व्रण झाकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दाट प्रसाधनाला कन्सीलर म्हणतात. फाउंडेशन संपूर्ण चेहऱ्याचा रंग एकसारखा करते. कन्सीलर नेमक्या जागेपुरतेच लावायचे असते. त्यात रंगद्रव्य अधिक असल्याने ते थोडेसेच पुरते. हा फरक लक्षात न घेता ते चेहरभर थापले, की चेहरा रंगवल्यासारखा दिसू लागतो.

या प्रसाधनाचा उगम नटण्याच्या हौसेपेक्षा गरजेत अधिक आहे. अमेरिकेतील लिडिया ओलिअरी यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरील जांभळट जन्मखूण झाकण्यासाठी १९२८ च्या सुमारास ‘कव्हरमार्क’ हा लेप तयार केला. पुढे १९५४ मध्ये मॅक्स फॅक्टर कंपनीची ‘इरेस’ ही कांडी बाजारात आली आणि कन्सीलर सर्वसामान्य घरांत पोहोचले. आजही कोडाचे चट्टे किंवा भाजल्याचे व्रण असलेल्या अनेकांना चारचौघांत मोकळेपणाने वावरता यावे, यासाठी त्याचा आधार वाटतो.

रंगांचे गणित

रंगचक्रात परस्परांसमोर येणारे रंग एकमेकांचा प्रभाव कमी करतात. हेच तत्त्व येथे लागू पडते. लालसर मुरूम झाकण्यासाठी हिरवट, जांभळट छटेसाठी पिवळसर आणि निळसर वर्तुळांसाठी पीच रंगाचा करेक्टर वापरतात. सावळ्या आणि गडद वर्णावर पीचऐवजी नारिंगी छटा अधिक परिणामकारक ठरते. वर्तुळे थेट फिकट कन्सीलरने झाकली, तर ती राखाडी दिसतात. करेक्टरचा अगदी पातळ थर द्यावा आणि त्यावर त्वचेच्या रंगाचे कन्सीलर लावावे.

छटेची निवड

दुकानातील दिव्यांखाली, हाताच्या पंजावर छटा पाहण्याची सवय फसवी आहे. चेहऱ्याचा आणि हाताचा वर्ण बहुधा सारखा नसतो. जबड्याच्या कडेला दोन-तीन छटांच्या रेघा ओढाव्यात, दहा मिनिटे थांबावे आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात आरशात पाहावे. जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली छटा. काही प्रसाधने हवेच्या संपर्कात आल्यावर किंचित गडद होतात, म्हणून हे थांबणे आवश्यक असते.

आपल्या वर्णापेक्षा उजळ छटा घेण्याचा मोह सर्वांत महागात पडतो. चेहरा गोरा आणि मान सावळी अशी विसंगती जवळून लगेच नजरेत भरते. डाग झाकायचा असेल, तर छटा त्वचेशी तंतोतंत जुळणारीच हवी. डोळ्यांखाली फार तर एक पायरी उजळ चालते.

रोजचा वापर

किनारपट्टीच्या दमट हवेत घामाने जाड थर फाटतो, तेव्हा रोजची रंगभूषा जितकी हलकी तितकी ती टिकाऊ. चेहरा धुऊन हलके मॉइश्चरायझर आणि त्यावर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. ते त्वचेत मुरण्यास काही मिनिटे द्यावीत. त्यानंतर आवश्यक तेथेच कन्सीलरचे ठिपके द्यावेत आणि अनामिकेने हलकेच थोपटून कडा मिसळून घ्याव्यात. घासल्यास प्रसाधन निघून येते आणि डोळ्यांखालची नाजूक त्वचाही ओढली जाते. मुरुमावर बारीक ब्रशने लावून फक्त कडा पुसट कराव्यात. शेवटी पावडरचा अगदी पातळ हात द्यावा. घाम आल्यास चेहरा न पुसता टिपकागदाने टिपावा.

तेलकट त्वचेसाठी तेलविरहित, मॅट प्रकार योग्य. कोरड्या त्वचेवर आणि उतारवयात मलईसारखा ओलसर प्रकार बरा, कारण कोरडे प्रसाधन सुरकुत्यांत साचते.

खास प्रसंगी

रंगभूषा किती अंतरावरून आणि कोणत्या उजेडात पाहिली जाणार, यावर तिचे प्रमाण ठरते. जत्रेतील नाटकात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही भाव दिसावे लागतात, म्हणून तेथे रंग गडद शोभतात. चतुर्थीला घरी आलेले पाहुणे मात्र हातभर अंतरावरून बोलत असतात. लग्नात दोन्हींचा मेळ घालावा लागतो. प्रथम करेक्टर, मग फाउंडेशन, नंतर उरलेल्या डागांपुरते कन्सीलर आणि शेवटी पावडर हा क्रम ठेवल्यास कमी प्रसाधनात काम भागते. सिलिकायुक्त पांढरी पावडर कॅमेऱ्याच्या झोतात चेहऱ्यावर पांढरे चट्टे दाखवू शकते. म्हणून आधी फ्लॅश वापरून एक छायाचित्र काढून पाहावे.

वधूने रंगभूषेची तालीम काही आठवडे आधी करावी. नवे फेशियल किंवा ब्लीच यांचा प्रयोग लग्नाच्या तोंडावर करू नये.

आरोग्याची बाजू

नवे प्रसाधन चेहऱ्याला लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ आल्यास ते वापरू नये. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि अंतिम मुदत नसल्यास ते घेऊच नये. उघड्या डबीच्या चित्रातील ‘१२ एम’ अशा खुणेचा अर्थ, उघडल्यानंतर बारा महिन्यांत संपवावे. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत बदलावा.

काजळाची कांडी, ब्रश आणि स्पंज सामायिक नसावेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकाच कांडीने सर्व मुलांचे डोळे रेखले जातात आणि डोळ्यांचा संसर्ग पसरण्यास वाट मिळते. ब्रश व स्पंज आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. रात्री रंगभूषा उतरवल्याशिवाय झोपू नये. खोबरेल तेलाने ती निघते. परंतु मुरूम असलेल्यांनी ते टाळून मायसेलर वॉटर वापरावे.

झाकण्यापूर्वी

काही खुणा लपवण्यासाठी नसतात, त्या काहीतरी सांगत असतात. काळी वर्तुळे आनुवंशिक असू शकतात, तशीच ती ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळल्यानेही येतात. वर्तुळांसोबत थकवा आणि फिकटपणा असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडू लागल्यास टिकली तत्काळ थांबवावी. तिच्या गोंदातील रसायनाने त्वचेचा रंग जाऊ शकतो. आकार किंवा रंग बदलणारा तीळ आणि वाढणारे वांग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या, नावगाव नसलेल्या मलमांचा आहे. त्यांत पारा असल्यास मूत्रपिंडांना इजा होते. स्टेरॉइड असल्यास काही दिवस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मलम थांबवताच अधिक बिघडते. कन्सीलर रात्री धुऊन टाकता येते, ही इजा धुऊन जात नाही. वर्ण बदलण्यासाठी औषध शोधण्यापेक्षा आपल्या वर्णाची छटा शोधणे, हाच रंगभूषेचा पहिला धडा आहे.