यंत्रवाद्यांचा जीर्णोद्धार

इ. स. १९०५ च्या नोव्हेंबरच्या ९ तारखेस गुस्टाव्ह मालर हा विख्यात संगीतरचनाकार लाइपझिग शहरीं वेल्टे कंपनीच्या पियानोपुढें बसला. त्यानें वाजविलेल्या चार रचना टिपून घेऊन पुढें कागदी गुंडाळ्यांवर छिद्ररूपानें उतरविण्यांत आल्या. मालरच्या वादनाची ग्रामोफोनची एकही तबकडी मागें राहिलेली नाहीं. त्याच्या हाताची श्राव्य साक्ष काय ती या चार गुंडाळ्यांची. पण ती साक्ष खरी उमटते कीं खोटी, हें गुंडाळी वाजविणाऱ्या पियानोंतील कापडावर व कातड्यावरही अवलंबून असतें.

फ्रायबुर्गच्या या कंपनीचा स्वयंवादक पियानो १९०४ सालीं बाजारांत आला. त्याची सारी करणी हवेची. कागदाचें छिद्र पितळी पट्टीवरील भोकासमोर आलें, कीं आंत शिरलेली हवा पातळ कातड्याचा पडदा फुगविते, पडदा झडप उचलतो, आणि त्या स्वराचा चिमुकला भाता शोषणानें मिटून हातोड्यास चालना देतो. आघाताचा जोर शोषणाच्या कमी-अधिकपणावर ठरतो.

या भात्यांवरील रबरी कापड कांहीं दशकांत कडक होऊन चिरतें. कातड्यांतून हवा झिरपूं लागते. तीं बदलणें अटळ असतें. अशा वेळीं कारागिरास टिकाऊपणाचा मोह पडतो. परंतु कापड जाड झालें तर भाता उशिरां मिटतो, हळुवार स्वर उमटतच नाहींत, आणि मालरनें कधींही न केलेलें वादन त्याच्या नांवावर ऐकूं येतें. म्हणून जाणता कारागीर मूळ कापडाची जाडी मोजतो व तेवढ्याच जाडीचें, तितकेंच लवचीक कापड शोधतो.

याहून मोठी चूक चिकटविण्याच्या द्रव्यांत होते. जुने कारागीर जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरीत. ऊब व ओलावा लागतांच तो सुटतो. जोड उकलतो, लाकूड शाबूत राहतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कृत्रिम पांढरा डिंक सर्वत्र मिळूं लागला आणि पुष्कळांस तो सोयीचा वाटला. पण तो लाकडाच्या रंध्रांत मुरतो. त्यावर नवा सरस धरत नाहीं, व जुनें कापड काढतांना लाकडाच्या चिरफळ्या निघतात. अशा वाद्याची ती दुरुस्ती बहुधा अखेरचीच ठरते.

कापड पुन्हां फाटेल, कातडें पुन्हां झिजेल. त्या दिवशीं भाता उघडणाऱ्या अनोळखी कारागिराच्या हातीं लाकूड अभंग पडावें, एवढ्यासाठींच सरसाचें भांडें आजही शेगडीवर चढतें.