नाइट ट्रेन टू म्यूनिक

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभकाळातील एक प्रसिद्ध ब्रिटिश हेरपट (१९४०). रहस्य, साहस व विनोद यांचा मेळ घालणारा हा कृष्णधवल बोलपट कॅरल रीड (१९०६–७६) याने दिग्दर्शित केला. गॉर्डन वेल्झली याच्या कथेवरून सिडनी गिलिअट व फ्रँक लाँडर या लेखकद्वयाने त्याची पटकथा लिहिली. मार्गारेट लॉकवुड, रेक्स हॅरिसन व पॉल हेन्रीड हे त्यातील प्रमुख कलावंत होत.

मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरते, तेव्हा चिलखती पत्र्यांवर संशोधन करणारा चेक शास्त्रज्ञ बोमाश इंग्लंडला निसटतो. त्याची मुलगी आना मात्र छळछावणीत डांबली जाते. कार्ल मार्सेन या सहबंदिवानाच्या साहाय्याने ती तेथून पळून इंग्लंड गाठते. परंतु मार्सेन हा वस्तुतः गेस्टापोचा हस्तक असतो. तो बापलेकींचे अपहरण करून त्यांना पाणबुडीतून जर्मनीत नेतो. त्यांच्या सुटकेसाठी डिकी रँडल हा ब्रिटिश हेर जर्मन मेजरच्या गणवेशात बर्लिनला जातो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले जाते, त्या रात्रीच्या म्यूनिकच्या गाडीत कथानक उत्कर्षाला पोहोचते आणि स्विस सरहद्दीवरील हवाई रज्जुमार्गावरच्या झटापटीने त्याचा शेवट होतो.

चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या स्पष्टोक्तीत आहे. परराष्ट्रांचा रोष ओढवू नये, म्हणून १९३० नंतरच्या दशकात ब्रिटिश चित्रपट अभ्यवेक्षण मंडळ नाझी राजवटीवर उघड टीका करणाऱ्या कथांना हरकत घेत असे. त्यामुळे याच लेखकद्वयाच्या पटकथेवरून ॲल्फ्रेड हिचकॉकने काढलेल्या द लेडी व्हॅनिशेस (१९३८) या हेरपटाला काल्पनिक देशाचा आडोसा घ्यावा लागला. युद्ध सुरू होताच हे बंधन गळून पडले. नाइट ट्रेन टू म्यूनिकमध्ये हिटलरच्या आक्रमणांची वृत्तचित्रे आरंभीच येतात. जर्मनी, गेस्टापो व छळछावणी यांचा नावानिशी निर्देश होतो. छावणीचे चित्रण मात्र सौम्य आहे. तेथील भीषणतेची पुरती कल्पना जगाला १९४५ मध्ये छावण्या मुक्त झाल्यावरच आली.

विनोदाची मुख्य भिस्त चार्टर्झ (बेझिल रॅडफर्ड) व कॉल्डिकॉट (नॉन्टन वेन) या दोन इंग्रज प्रवाशांवर आहे. द लेडी व्हॅनिशेसमध्ये युरोपवरील संकटापेक्षा क्रिकेटच्या कसोटी सामन्याची काळजी वाहणारी ही जोडी येथे पुन्हा अवतरते. युद्धाच्या तोंडावरही चार्टर्झला चिंता असते, ती बर्लिनमध्ये राहिलेल्या आपल्या गोल्फच्या काठ्यांची. परंतु मार्सेनला रँडलचा संशय आल्याचे दूरध्वनीवर कानी पडताच दोघेही जीव धोक्यात घालून त्याला सावध करतात. आपल्या सुखासीन अलिप्ततेतून जागे होणाऱ्या ब्रिटिश मध्यमवर्गाचे हे मार्मिक चित्र आहे. ते प्रेक्षकांपुढे आले, तोवर फ्रान्सचा पाडाव (जून १९४०) झालेला होता.

गणवेश पाहताच फसणारे जर्मन अधिकारी आणि ओळखू येणाऱ्या लहान प्रतिकृतींच्या साहाय्याने घेतलेली दृश्ये हे या चित्रपटाचे दोष म्हणता येतील. पश्चिम आघाडी शांत असताना तो आकाराला आला. त्यातील खेळकरपणा पुढील संहाराच्या काळात टिकणे कठीण होते. तथापि त्याची गती व संवादांतील खुसखुशीतपणा आजही जाणवतो. वेल्झलीच्या कथेला ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. नाझींना विरोध करणारा ऑस्ट्रियन नट हेन्रीड येथे गेस्टापोच्या भूमिकेत दिसतो, तर पुढे कॅसाब्लांका (१९४२) या अमेरिकन चित्रपटात त्याने नाझीविरोधी नेत्याची भूमिका केली. रीडने युद्धानंतर काढलेल्या द थर्ड मॅनमध्ये (१९४९) खोट्या मैत्रीचा व विश्वासघाताचा हाच विषय अधिक गंभीर रूपात आढळतो.