कावेरीकाठचा सात नंबर

एनसीसीच्या नेमणुकीवर आलं की फौजी माणसाला बंदुकीपेक्षा शाळेच्या घंटा जास्त ऐकू येतात. तंजावर जिल्ह्यातल्या शाळांची पाहणी हा सध्याचा माझा उद्योग. तिरुवैयारु, पापनाशम, ओरत्तनाडु या बाजूची गावं जीपमधून पालथी घालतोय. मासी महिना, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनाचा सुमार. सांबा भाताची कापणी होऊन गेली आहे. काही खाचरांत उडीद पेरलाय, उरलेल्यांत पोरं खेळतात. धसकटं पायाला टोचत असणारच, पण अनवाणी पळणाऱ्या पोरांना त्याचं काही दिसत नाही.

अशाच एका खाचरात सात नंबरची लाल जर्सी घातलेला पोरगा दिसला. पाठीवर रोनाल्डोचं नाव. डाव्या पायाने चेंडू आत घेऊन उजव्याने मारत होता, आणि दोन्ही पाय त्याला सारखेच. मी जीप थांबवायला सांगितली. दहा मिनिटं बघत राहिलो. पोरगा आमचाच कॅडेट निघाला, वय सोळा. त्याचे आजोबा मद्रास रेजिमेंटचे निवृत्त सुभेदार. त्यांनी घरी नेलं, पितळी डबऱ्यात कॉफी दिली आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. जमिनीचा पट्टा. आपल्याकडचा सातबारा म्हणा. पाऊण एकर भातशेती.

"साब, एक एजंट आहे. पोर्तुगालला ट्रायलला नेतो म्हणतो. साडेसहा लाख. पहिल्या डिव्हिजनचा क्लब आहे म्हणे. छेत्रीसुद्धा तिथेच खेळला ना? तुम्ही सांगा, विकू का?"

तोडक्यामोडक्या फौजी हिंदीत विचारलेला हा प्रश्न. पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा. आजोबांना तो 'तात्ता' म्हणतो. मला तमिळ जेमतेम येतं, पण चेहरा वाचायला भाषा लागत नाही. मी म्हटलं, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत जे आठवलं, तपासलं, ते इथे लिहितो आहे.

आधी पोर्तुगालचं आणि या किनाऱ्याचं नातं. इथून पूर्वेला दोनेक तासांवर नागपट्टिनम. सोळाव्या शतकात तिथे पोर्तुगीज व्यापाऱ्यांची वस्ती होती, 1658 मध्ये डचांनी ती घेतली. व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले ते त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी, म्हणजे आपली मराठी माणसं इथे आली तेव्हा पोर्तुगीज नागपट्टिनममधून गेलेले होते. आपल्याशी त्यांची गाठ पडली ती पश्चिम किनाऱ्यावर, आणि तिथे ते 1961 पर्यंत बसून राहिले.

आता फुटबॉल. गोवा साडेचारशे वर्षं पोर्तुगालकडे, म्हणून गोव्याला फुटबॉल पोर्तुगिजांनी दिला असं आपण धरून चालतो. तसं नाही. 1883 साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स नावाचे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृती सुधारायला म्हणून आले आणि त्यांनी शाळेतल्या मुलांना हा खेळ शिकवला, असा गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगितला जातो. म्हणजे बीज इंग्रजांचं, आणि पीक उतरलं तेही इंग्रजांच्या मुंबईत. गोव्याचा तरुण नोकरीसाठी मुंबईला यायचा, धोबी तलावाच्या आसपास आपल्या गावाच्या कुडीत उतरायचा आणि संध्याकाळी मैदानात. कूड म्हणजे गावकीची खोली, तिथेच ट्रंक, तिथेच वेदी, तिथेच झोप. आसगावात जन्मलेला नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांकडून खेळला आणि 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या दिवशी गोवा अजून पोर्तुगालच्या ताब्यात होता, आणि गोव्याचा मुलगा भारताच्या जर्सीत होता. त्याच्या आदल्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1955 ला, गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

पोर्तुगालच्या दुसऱ्या वसाहतींत चित्र उलटं होतं. पोर्तुगालची राष्ट्रीय लीग 1934-35 मध्ये सुरू झाली. लिस्बनच्या मोठ्या क्लबांच्या शाखा आफ्रिकेत होत्या, आणि त्या शाखांतून पोरं उचलली जात. मातातेउ 1951 मध्ये मोझांबिकहून बेलेनेन्सेसकडे गेला, कोलुना 1954 मध्ये बेन्फिकाकडे. मग युसेबिओ. तो लोरेन्सो मार्केसमध्ये (आजचं मापुटो) स्पोर्टिंगच्या शाखेकडून खेळायचा, म्हणजे कायद्याने-रिवाजाने त्याने लिस्बनच्या स्पोर्टिंगकडे जायचं. बेन्फिकाने त्याला डिसेंबर 1960 मध्ये परस्पर लिस्बनला आणलं. निरोपानिरोपीत त्याचं टोपणनाव होतं एका बाईचं, रूथ मालोसो. स्पोर्टिंगवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून काही दिवस दक्षिणेकडच्या एका कोळ्यांच्या गावात लपवून ठेवलं. आमच्या गुप्तवार्ता विभागाला शोभेल असं काम. वय तेव्हा अठरा.

पुढे 2 मे 1962 ला बेन्फिकाने युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला 5-3 हरवलं, त्यात दोन गोल युसेबिओचे. आणि 1966 च्या विश्वचषकात पोर्तुगाल तिसरा आला तेव्हा त्या संघात युसेबिओ, कोलुना, हिलारिओ आणि व्हिसेंते असे चौघे मोझांबिकमध्ये जन्मलेले होते.

त्याच 1962 च्या सप्टेंबरात जकार्ताला भारताने दक्षिण कोरियाला 2-1 हरवून आशियाई सुवर्ण घेतलं. त्या सामन्यात कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको होता, तोही मुंबईच्या टाटांचा. आणि गोलात होता पीटर थंगराज. हे नाव घेतल्यावर आमचे सुभेदार खुर्चीत ताठ झाले. थंगराज मूळ मद्रास रेजिमेंटल सेंटरचा. त्या सेंटरने 1955 आणि 1958 मध्ये ड्युरँड कप जिंकला तेव्हा तो संघात होता. सुभेदार सत्तरच्या दशकात वेलिंग्टनला रंगरूट म्हणून दाखल झाले, तेव्हा थंगराज केव्हाच कलकत्त्याला गेलेला. पण उस्ताद लोक मैदानाच्या एका टोकाला बोट दाखवून सांगायचे म्हणे, तो इथून फेकायचा आणि चेंडू तिथे पडायचा. रंगरूटाला पळवायला उस्ताद काय काय सांगतात ते मलाही माहीत आहे. तरी ऐकायला छान वाटलं.

आता छेत्री. सुनील छेत्री फौजीचा मुलगा. वडील ईएमईत, जन्म सिकंदराबादचा, 3 ऑगस्ट 1984. आई स्वतः फुटबॉल खेळलेली. बदल्यांमागे शाळा बदलत बदलत दिल्लीच्या आर्मी पब्लिक स्कूलपर्यंत आला. आमच्या मुलांचं आयुष्य असंच, दर अडीच वर्षांनी नवा वर्ग, नवे मित्र. क्रिस्तियानो रोनाल्डोचा जन्म 5 फेब्रुवारी 1985 चा. म्हणजे छेत्री त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठा. 2002 साली दोघांचीही व्यावसायिक सुरुवात झाली. छेत्री मोहन बागानमध्ये, आणि रोनाल्डो स्पोर्टिंगच्या पहिल्या संघात. 7 ऑक्टोबर 2002 ला मोरेइरेन्सेविरुद्ध रोनाल्डोने लीगमधले पहिले दोन गोल केले. मी तेव्हा खडकवासल्यात होतो, त्यांच्याच वयाचा, आणि माझ्या स्क्वाड्रनच्या संघात राखीव बॅक. त्यामुळे या दोघांच्या तारखा मला पाठ आहेत, याचं कारण वाचकांनी समजून घ्यावं.

पण त्या 2002 मध्ये एक फरक दडलेला आहे, आणि सुभेदारांना मला तोच सांगायचा होता. रोनाल्डो मदेइरा बेटावरून स्पोर्टिंगमध्ये आला तो 1997 मध्ये, बारा वर्षांचा असताना. पाच वर्षं त्याचं राहणं, जेवण, शाळा आणि सराव सगळं क्लबच्या हातात. 2002 मध्येच स्पोर्टिंगने आल्कोशेतला नवी अकादमी उघडली. छेत्री बारा वर्षांचा होता तेव्हा कुठल्या तरी छावणीत, कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर, इतर फौजी पोरांबरोबर खेळत होता. ऑगस्ट 2003 मध्ये रोनाल्डो मँचेस्टरला गेला. छेत्री पुढे जेसीटी, ईस्ट बंगाल आणि गोव्याच्या डेम्पोकडून खेळत राहिला. 2009 मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घ्यायचं ठरवलं, पण ब्रिटनने परवाना नाकारला. देशाचा फिफा क्रमांक पहिल्या सत्तरांत नव्हता. खेळाडूचा दोष नाही, पासपोर्टचा.

जुलै 2012 मध्ये स्पोर्टिंगने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. म्हणजे त्याच क्लबमध्ये, जिथून रोनाल्डो निघाला होता. छेत्री तेव्हा भारताचा कर्णधार, वय सत्तावीस. आपल्या वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण करार क्लबचा असला तरी संघ कोणता? त्या वर्षी पोर्तुगालने मोठ्या क्लबांच्या 'ब' संघांना दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायची मुभा दिली. स्पोर्टिंग, बेन्फिका, पोर्तो, ब्रागा, गिमराइश आणि मारितिमो अशा सहा क्लबांनी ते संघ उतरवले. हे संघ मुख्यतः अकादमीतून वर आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांसाठी. छेत्रीला तिथे पाठवलं गेलं. पहिल्या संघाचा वेग आपल्याला झेपला नाही, प्रशिक्षकाचं बरोबरच होतं, असं त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. हे सांगायला जी छाती लागते ती मला त्याच्या गोलांइतकीच मोठी वाटते.

फ्रेआमुंदेविरुद्ध त्याचं पदार्पण झालं, 85 व्या मिनिटाला बदली म्हणून. पुढेही बोटांवर मोजण्याइतकेच सामने. मधल्या काळात तो नेहरू चषकासाठी दिल्लीला आला, आणि 2 सप्टेंबर 2012 ला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने कॅमेरूनला पेनल्टींवर हरवलं. परत लिस्बनला गेला की पुन्हा बाकावर. त्याच ब संघातला एरिक डायर नावाचा अठरा वर्षांचा पोरगा नोव्हेंबरात पहिल्या संघात गेला आणि ब्रागाविरुद्ध लीगमध्ये उतरला. तो लहानपणापासून स्पोर्टिंगच्या अकादमीत वाढलेला. आणि स्पोर्टिंगचा तो हंगाम काही सोन्याचा नव्हता. चार प्रशिक्षक बदलले, लीगमध्ये सातवा क्रमांक आला, क्लबच्या इतिहासातला सर्वांत वाईट. अशा पडत्या वर्षीही आपल्या कर्णधाराला पहिल्या डिव्हिजनचं एकही मिनिट मिळालं नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे उसना आला, आणि त्यांनी त्या वर्षीची आय-लीग जिंकली.

काहीजण याला छेत्रीचं अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. जून 2024 मध्ये त्याने भारतासाठी शेवटचा म्हणून जो सामना खेळला, तेव्हा खात्यावर 94 गोल होते (पुढच्या वर्षी तो पुन्हा परतलाही). लिस्बनच्या शिडीच्या तळाच्या पायऱ्या बारा वर्षांच्या पोरांसाठी असतात, आणि तो अठ्ठाविसाव्या वर्षी मधूनच चढायला गेला. गुरप्रीत सिंगने तिकडे नॉर्वेत स्टाबेककडून पहिल्या डिव्हिजनमध्ये गोल राखले, पण तो गेला बाविशीत, आणि पहिल्या संघात स्थिर व्हायला त्याला दोन वर्षं लागली.

आठव्या दिवशी मी सुभेदारांच्या घरी गेलो. हे सगळं सांगितलं नाही, फौजी माणसाला आधी आदेश लागतो, इतिहास नंतर. आदेश असा. फिफाचं कलम 19. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली करता येत नाही. अपवाद थोडे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले तर, किंवा युरोपातल्या युरोपात सोळाच्या पुढे, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेलगत असले तर. तंजावरचा सोळा वर्षांचा पोरगा यातल्या कशातच बसत नाही. ट्रायल कितीही चांगली झाली तरी नोंदणी होणार नाही. शिवाय जून 2023 मध्ये उत्तर पोर्तुगालात एका फुटबॉल अकादमीवर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा परदेशातून आणलेली अल्पवयीन मुलं तिथे सापडली होती, हेही सांगितलं.

सुभेदारांनी विचारलं, "आणि अठरा झाल्यावर?"

त्याला माझ्याकडे 'नाही' हे उत्तर नव्हतं. जिल्ह्याची लीग, राज्याच्या निवड चाचण्या, कॉलेजातला खेळाचा कोटा, साडेसतराला फौजेतली खेळाडूंची भरती, हे सगळं कागदावर लिहून दिलं. आपल्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीसाठी पोराचं वय निघून गेलं होतं. ते लिहिताना माझाच हात थोडा अडखळला. पोरगा कागद वाचत उभा राहिला, मग म्हणाला, "सर, छेत्री सर सत्तावीसला गेले. मी अठराला जाईन." तात्ताने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

पट्टा परत फोल्डरमध्ये गेला आणि फोल्डर लोखंडी कपाटात. काल सुभेदारांचा फोन होता. एजंट पुन्हा येऊन गेला म्हणे, आता पोर्तुगाल नाही, स्पेन म्हणतो, आणि पन्नास हजार कमी.

"साब, स्पेनलाही तेच कलम का?"

म्हटलं, तेच.

"ठीक आहे," म्हणाले, आणि मग उडदाला यंदा भाव काय मिळेल यावर बराच वेळ बोलत राहिले.