आवाज इथे, कारण तिथे

आज जरा घरगुती गोष्टीपासून सुरुवात करू. काही वर्षांपूर्वी आमच्या झोपायच्या खोलीत रात्री-अपरात्री एक घुमणारा आवाज येऊ लागला. वरच्या मजल्यावरच्यांचंच काहीतरी यंत्र असणार, असं आम्ही ठरवून टाकलं आणि जिन्यात त्यांना चार शब्द सुनावलेही. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस! कानाला आवाज जिथून आल्यासारखा वाटतो तिथेच त्याचं कारण असतं, हे गृहीत धरून बसलो. हे गृहीतक मोडायला माणसाला किती काळ लागला, ते आज पाहू.

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. बद्द वाजलं की समजायचं, तडा आहे. पण नेमका कुठे, ते कान सांगत नाही. त्यासाठी कंपन डोळ्यांना दिसायला हवं. 1680 साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकनं काचेवर पीठ पसरून कडेवर गज फिरवला, तेव्हा पिठात आकृती उमटली. पुढे जर्मनीतल्या अर्न्स्ट क्लाडनीनं हाच प्रयोग वाळू घेऊन पद्धतशीर केला आणि 1787 मध्ये पुस्तक लिहिलं. पत्रा जिथे थरथरतो तिथून वाळू पळते, जिथे स्थिर असतो तिथे साचते. सूर बदला, त्याच पत्र्यावर वेगळी आकृती! म्हणजे वस्तू सगळीकडे सारखी कापत नाही, हे दिसलं.

1809 मध्ये क्लाडनीनं हे नेपोलियनला दाखवलं. मग पॅरिसच्या विद्वत्संस्थेनं या आकृत्यांच्या गणिती उपपत्तीसाठी 3000 फ्रँकचं बक्षीस लावलं. भलेभले गणिती पुढे आले नाहीत. प्रयत्न केला सोफी जर्मेन हिनं. बाई म्हणून हिला एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश नव्हता. दुसऱ्यांची टिपणं मिळवून आणि पुरुषाचं नाव घेऊन ती शिकली होती. दोनदा तिचा निबंध अपुरा ठरला, तिसऱ्या खेपेला, 1816 मध्ये, बक्षीस मिळालं. त्यातही त्रुटी होत्याच, त्या पुढच्यांनी दुरुस्त केल्या. पण वाट तिनं पाडली.

1822 मध्ये फूरियेचा उष्णतेवरचा ग्रंथ आला. गुंतागुंतीचं कंपन साध्या कंपनांत सुटं करता येतं, ही त्यातून मिळालेली किल्ली. हिशेब मात्र किचकट. 1965 मध्ये कूली आणि टुकी यांनी तो संगणकावर झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली. आता अभियंते हातोडीनं ठोका देतात, जागोजागी कंपन मोजतात आणि वाळूच्याच आकृत्या आकड्यांतून काढतात.

तर आमच्याकडे एक अभियंता आला. त्यानं भिंतीला छोटा सेन्सर चिकटवला. पडद्यावर सेकंदाला 48 कंपनांपाशी एक उंच टोक दिसलं. तो म्हणाला, तळघरातल्या पंपाची मोटर मिनिटाला 2880 फेरे घेते. भागा 60 नं. 48! पंपाचं कंपन पाइपातून वर चढत होतं, पाइप क्लॅम्पनं आमच्या भिंतीला आवळलेला होता. पाइप बारीक, तो हवा फारशी हलवत नाही. भिंत रुंद, ती घुमते.

पण आकडा जुळला म्हणजे सिद्ध झालं का? तशीच दुसरी मोटर इमारतीत असू शकते. म्हणून त्यानं पंप बंद करायला लावला. टोक नाहीसं झालं, चालू केल्यावर परत आलं. आपल्या नैयायिकांच्या भाषेत अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही झाले. अन्वयावर थांबलो असतो, तर तो फक्त आणखी एक आरोप ठरला असता.

पंपाखाली आणि क्लॅम्पमध्ये रबर बसवलं, आवाज गेला. मग आम्ही जिना चढून वर गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "अहो, आम्हालाही ऐकू यायचा. आम्हाला वाटायचं, तुमचाच आहे."

आता प्रश्न विचारा.